कर्ज देशाचे, तारण आदिवासींचे

जून १९७२ मध्ये इक्वेडोरची राजधानी क्विटो येथे एक आगळी मिरवणूक निघाली. तिच्या अग्रभागी ना कोणा देवाची मूर्ती होती, ना कोणा विजयी सेनापतीची स्वारी. लष्करी वाहनावर ठेवलेले ते तेलाचे एक पिंप होते. पूर्वेकडील ॲमेझॉनच्या अरण्यातून निघून, अँडीज पर्वत ओलांडून, पाचशे किलोमीटर लांबीच्या नव्या नळातून पॅसिफिकच्या किनाऱ्यावर पोचणाऱ्या तेलाचे ते पहिले पिंप. रस्त्याच्या दुतर्फा उभे असलेले लोक पुढे होऊन त्याला हात लावीत होते. मिरवणूक संपल्यावर ते लष्करी विद्यालयातील वीरमंदिरात नेऊन ठेवण्यात आले. केळी आणि कोको विकून गुजराण करणाऱ्या या छोट्या देशाला आपले दारिद्र्य आता फिटले असे वाटले असेल, तर त्याला हसण्याचे कारण नाही. त्याच वर्षी फेब्रुवारीत सत्ता बळकावणाऱ्या जनरल रोद्रिगेस लारा यांनाही तसेच वाटत होते.

हे तेल १९६७ साली टेक्साको आणि गल्फ या अमेरिकी कंपन्यांना ज्या ठिकाणी सापडले, त्याचे नाव लागो आग्रिओ. नावामागची हकीकत मोठी बोलकी आहे. टेक्साको कंपनीचा जन्म टेक्सासमधील ‘सावर लेक’ या गावी झाला, म्हणून ॲमेझॉनमधील या वस्तीला त्याच नावाचे स्पॅनिश भाषांतर चिकटवण्यात आले. तेथे पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या कोफान लोकांच्या भाषेत त्या जागेला, तिथल्या नदीनाल्यांना स्वतःची नावे होती. ती विचारण्याची कोणाला गरज भासली नाही. तेल काढू का, हे तर कोणी विचारलेच नाही. इक्वेडोरच्या कायद्याच्या लेखी पूर्वेकडचे अरण्य म्हणजे पडीक, बिनमालकीची जमीन होती. १९६४ च्या जमीन सुधारणा कायद्याने ती वसाहतीसाठी खुली केली. जंगल तोडून जमीन वहितीखाली आणील त्याला मालकी, असा न्याय होता. ज्यांनी जंगल तोडले नाही, ते साहजिकच मालक ठरले नाहीत. तेलासाठी रस्ते झाले, रस्त्यांवरून डोंगराळ भागातले भूमिहीन शेतकरी आले, आणि कोफान, सियोना, सेकोया या जमाती पाहता पाहता आपल्याच प्रदेशात कोपऱ्यात ढकलल्या गेल्या. विहिरींतून निघणारे दूषित पाणी उघड्या खड्ड्यांत आणि ओढ्यांत सोडले जात होते. त्यावरचे खटले पुढे तीन खंडांतल्या न्यायालयांत अनेक वर्षे चालले.

हा झाला तेलाचा इतिहास, आणि तो बऱ्याच वेळा सांगितला गेला आहे. त्यामागे दडलेला कर्जाचा इतिहास मात्र क्वचितच सांगितला जातो.

१९७१ च्या अखेरीस इक्वेडोरचे परकीय कर्ज सुमारे २६ कोटी डॉलर होते. १९८१ च्या अखेरीस ते सुमारे ५८७ कोटी डॉलरवर गेले. म्हणजे दहा वर्षांत बावीसपटीच्या आसपास वाढ. ज्या दशकात देशाला तेलाचा लाभ झाला, त्याच दशकात तो कर्जबाजारी झाला, हे वरकरणी चमत्कारिक दिसते. सावकारी ज्यांनी जवळून पाहिली आहे त्यांना त्यात चमत्कार वाटणार नाही. सावकार गरजवंताला कर्ज देत नाही; ज्याच्यापाशी काही ठेवण्यासारखे आहे त्याला देतो. अरबी तेलाचा पैसा न्यूयॉर्क-लंडनच्या बँकांत तुडुंब साचला होता आणि त्या गिऱ्हाईक शोधत होत्या. इक्वेडोरपाशी तेल होते. तेव्हा ज्या तेलाने कर्जाची गरज संपायची, त्याच तेलाने पत वाढवली, आणि पत वाढली म्हणून कर्ज वाढले. पुढे अमेरिकेने व्याजाचे दर चढवले, १९८२ मध्ये मेक्सिकोने हात वर केले, आणि लॅटिन अमेरिकेतील कर्जाची सारी इमारत हादरली. १९८३ मध्ये अध्यक्ष ओस्वाल्दो उर्तादो यांच्या सरकारने खासगी उद्योजकांची परकीय कर्जेही सरकारच्या शिरावर घेतली. उद्योजकांनी ती सरकारला देशी चलनात सवलतीने फेडावीत, सरकारने परक्या बँकांना डॉलर मोजावेत, अशी ही सोय होती. मार्च १९८७ मध्ये भूकंपाने तेलाचा नळ तुटला. काही महिने निर्यात थांबली आणि त्याबरोबर कर्जाचे हप्तेही थांबले. तेल आणि हप्ता यांची गाठ किती घट्ट होती, हे दाखवायला त्याहून वेगळा पुरावा नको.

नळ जोडला गेला, आणि नव्या विहिरींची निकड पूर्वीपेक्षा वाढली. येथेच या प्रकरणाची खरी गोम आहे. तेलाचे भाव चढले की देशाची पत वाढते, नवे कर्ज मिळते, आणि ते फेडण्यासाठी पुढच्या वर्षांत अधिक तेल काढण्याचे वचन द्यावे लागते. भाव कोसळले की तेवढाच हप्ता भागवण्यासाठी अधिक पिंपे विकावी लागतात. भाव कोणत्याही दिशेने हलोत, विहीर खणण्याचे यंत्र सरकते ते अरण्याच्याच दिशेने. जुनी क्षेत्रे आटत जातात, तसे ते उत्तरेकडून दक्षिणेकडे, कोफानांकडून वाओरानींकडे, वाओरानींकडून सापारा आणि किचवा लोकांकडे जाते.

मराठी वाचकाला गहाणाचे दोन प्रकार चांगले ठाऊक आहेत. कब्जेगहाणात जमीन सावकाराच्या ताब्यात जाते. नजरगहाणात ती कुळाच्याच वहिवाटीत राहते, फक्त सात-बाऱ्यावर बोजा चढतो. इक्वेडोरच्या अरण्याचे जे झाले ते नजरगहाणासारखे आहे, पण त्यात एक फरक आहे. आपल्याकडचे कूळ निदान स्वतःचा अंगठा उठवत असे. येथे अंगठा उठवणारा एक आणि जमीन दुसऱ्याची. १९९० मध्ये अध्यक्ष रोद्रिगो बोर्हा यांच्या सरकारने वाओरानी लोकांना सुमारे सहा लाख हेक्टर जमिनीचे मालकीपत्र दिले. त्या काळात ते मोठेच पाऊल मानले गेले. पण त्या पत्रात एक अट होती: भूगर्भातील तेल व खनिजे काढण्याच्या कामात मालकांनी अडथळा आणता कामा नये. दोन वर्षांनी, एप्रिल १९९२ मध्ये, पास्तासा प्रांतातील सुमारे दोन हजार आदिवासी पुयो गावाहून क्विटोपर्यंत घाट चढत पायी गेले, आणि दहा लाख हेक्टरांहून अधिक जमिनीचा हक्क पदरात पाडून परतले. तेथेही तीच मेख होती. जमीन तुमची, जमिनीखालचे आमचे. ही तरतूद इक्वेडोरच्या सरकारने शोधून काढलेली नाही. भूगर्भातील संपत्ती राजाची, हा स्पेनच्या राजसत्तेचा दंडक होता. राजा गेल्यावर तो प्रजासत्ताकांनी जसाच्या तसा उचलला. धनकोला नेमके हेच हवे असते. वरच्या पृष्ठभागावर कोण राहतो, त्याची भाषा कोणती, त्याचे पूर्वज कोठे पुरले आहेत, या भानगडीत त्याला पडावे लागत नाही. त्याचा व्यवहार खालच्या थराशी असतो, आणि खालच्या थराचा मालक एकच असतो.

डोंगराळ भागातील आदिवासींना कर्जाची ओळख याहून जुनी आहे. तेथील जमीनदारी वाड्यांवर आदिवासी शेतमजूर उसनवारीच्या जोखडाखाली पिढ्यान् पिढ्या राबत. कर्जापायी तुरुंगवास रद्द झाला तो १९१८ मध्ये. जमीनदाराच्या तुकड्यावर राहून त्याच्याकडे राबण्याची पद्धत संपली ती १९६४ च्या कायद्याने. ठाणे जिल्ह्यातील वारल्यांमध्ये लग्नासाठी कर्ज काढून जन्मभर सावकाराचा ‘लग्नगडी’ होणाऱ्यांची आठवण ज्यांना आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. ‘कोनाये’ ही आदिवासींची राष्ट्रव्यापी संघटना १९८६ मध्ये उभी राहिली आणि १९९० च्या जूनमध्ये तिने साऱ्या देशाचे रस्ते रोखून धरले, तेव्हा तिच्या मागण्यांत जमीन अग्रस्थानी होती. सरकारने त्याला काही वर्षांनी उत्तर दिले ते उलट दिशेने. १९९४ चा कृषी कायदा हा कर्जबाजारी देशांना त्या दशकात घालून दिलेल्या ‘सुधारणां’च्या साच्यातला होता, सामूहिक मालकीच्या जमिनी विभागून विक्रीस मोकळ्या करण्याकडे त्याचा रोख होता. पुन्हा रस्ते रोखले गेले, आणि सरकारला तो कायदा दुरुस्त करावा लागला. सामूहिक जमीन ही बाजाराच्या दृष्टीने मृत संपत्ती असते, कारण ती गहाण पडत नाही. आदिवासींच्या दृष्टीने तिचे मोल नेमके त्यातच असते.

एका आक्षेपाचा विचार येथे केला पाहिजे, आणि तो प्रामाणिकपणे केला पाहिजे. इक्वेडोर गरीब देश आहे. त्याची लोकसंख्या सुमारे एक कोटी ऐंशी लाख. तेलाच्या प्रदेशात राहणाऱ्या जमाती त्या मानाने मूठभर. शाळा, दवाखाने, रस्ते यांना पैसा लागतो. भूगर्भातील तेल सर्वांचे असेल, तर मूठभरांच्या हट्टापायी त्यावर पाणी का सोडावे? हा युक्तिवाद करणारे सगळेच काही तेल कंपन्यांचे भाट नसतात. त्यांच्यात प्रामाणिक समाजवादीही आहेत, आणि इक्वेडोरमध्ये त्यांनी दहा वर्षे राज्यही केले. तेव्हा पैसा कोठे गेला, हे पाहणे हेच त्याला उत्तर.

जून २००२ मध्ये इक्वेडोरच्या संसदेने राजकोषीय शिस्तीचा एक कायदा संमत केला. अवजड तेलासाठी दुसरा नळ बांधला जात होता. त्यातून सरकारला मिळणाऱ्या उत्पन्नाचा एक स्वतंत्र निधी करायचा होता. त्या निधीची वाटणी अशी ठरली: ७० टक्के सरकारी कर्जरोख्यांच्या फेरखरेदीसाठी, २० टक्के तेलाच्या भावातील चढउतारांना तोंड देण्यासाठी, आणि उरलेले १० टक्के शिक्षण व आरोग्यासाठी. शंभरातले सत्तर धनकोंना आणि दहा मुलांच्या शाळेला व आजाऱ्यांच्या औषधाला. अरण्यातल्या लोकांनी राष्ट्रासाठी त्याग करावा असे म्हणणाऱ्यांनी हे आकडे नजरेसमोर ठेवावेत. ही वाटणी जाहीर होताच धनकोंना किती आनंद झाला असेल, हे रोख्यांचा व्यवहार कळणाऱ्याला सांगायला नको. कर्ज फेडण्याची हमी वाढली की रोख्याचा भाव वाढतो आणि तो परत विकत घेणाऱ्या सरकारला महाग पडतो. २००५ मध्ये राफाएल कोरेया नावाच्या तरुण अर्थमंत्र्याने ही वाटणी बदलून सामाजिक खर्चाचा वाटा वाढवला. जागतिक बँकेने कबूल केलेले १० कोटी डॉलरचे कर्ज रोखून धरले, आणि काही आठवड्यांत मंत्र्याला पद सोडावे लागले.

तेच कोरेया २००७ मध्ये अध्यक्ष झाले. कर्ज आणि अरण्य या दोहोंचा गुंता सोडवण्याची संधी अलीकडच्या काळात कोणाला मिळाली असेल, तर ती त्यांना. त्यांनी जुन्या कर्जांची चौकशी करणारा आयोग नेमला. कोणते कर्ज कोणी, कोणत्या अटींवर, कोणाच्या लाभासाठी काढले, याची छाननी झाली. डिसेंबर २००८ मध्ये सुमारे ३२० कोटी डॉलरच्या रोख्यांवरचे व्याज त्यांनी नाकारले आणि पुढच्या वर्षी त्यातले बहुतेक रोखे डॉलरला सुमारे पस्तीस सेंट देऊन परत घेतले. धाडसाने केलेली आणि हिशेबाने साधलेली ती खेळी होती. त्याच सुमारास, २००७ मध्ये, त्यांनी जगापुढे दुसरा एक प्रस्ताव ठेवला. वाओरानींच्या आणि बाहेरच्या जगाशी संबंध न ठेवणाऱ्या तागाएरी व तारोमेनाने या गटांच्या संचारभूमीत, यासुनी राष्ट्रीय उद्यानाच्या पूर्व टोकाला, सुमारे ८४ कोटी पिंपे तेल आहे. ते आम्ही जमिनीतच ठेवतो. त्याच्या मोलाच्या निम्मी रक्कम, तेरा वर्षांत ३६० कोटी डॉलर, जगाने द्यावी. जगाने टाळ्या वाजवल्या. ऑगस्ट २०१३ मध्ये कोरेया यांनी प्रस्ताव मागे घेतला, तेव्हा प्रत्यक्ष जमा झालेली रक्कम सुमारे १ कोटी ३० लाख डॉलर होती.

श्रीमंत देशांच्या कंजूषपणावर येथे बरेच लिहिता येईल, आणि ते खोटेही ठरणार नाही. परंतु दोष तेवढाच नव्हता. रोखे नाकारल्यावर न्यूयॉर्कचा बाजार इक्वेडोरला बंद झाला आणि सरकारने चीनचे दार ठोठावले. २००९ मध्ये पेट्रोचायनाने तेलाच्या बदल्यात १०० कोटी डॉलर आगाऊ दिले, सात टक्क्यांहून अधिक व्याजाने. मग एकामागून एक करार होत गेले. अजून जमिनीतून न निघालेले तेल आधीच विकलेले होते. जे उसाच्या उभ्या पिकावर उचल घेणाऱ्याचे होते, तेच या सरकारचे झाले: पीक कोणते घ्यायचे, कधी काढायचे, कोणाला घालायचे, हे पुढे त्याच्या हाती राहिले नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये सरकारने दक्षिण ॲमेझॉनमधील लक्षावधी हेक्टरांचे तेलपट्टे लिलावात काढले. २०१६ च्या जानेवारीत त्यातले दोन पट्टे एका चिनी तेलसमूहाला मिळाले. त्यांत सापारा लोकांची भूमी होती आणि सारायाकूच्या किचवांचीही. त्याच वर्षी यासुनीच्या त्या वाचवायच्या टोकातूनही तेल निघू लागले. जुनी कर्जे अन्याय्य म्हणून नाकारणाऱ्या सरकारने नव्या कर्जांना तारण मात्र जुनेच दिले. सावकार बदलला, तारण बदलले नाही.

सारायाकूचे उदाहरण अधिक तपशिलाने पाहण्यासारखे आहे. बोबोनासा नदीकाठच्या या वस्तीची भूमी १९९६ मध्ये एका अर्जेंटिनी कंपनीला दिलेल्या तेलपट्ट्यात समाविष्ट झाली. लोकांना विचारले नव्हते. २००२-०३ मध्ये कंपनीने लष्कराच्या संरक्षणात भूगर्भाची चाचणी सुरू केली, त्यासाठी सुरुंग पेरले. लोकांनी शेतीकाम सोडून अरण्यात पहारे बसवले. कंपनी अखेर निघून गेली, पण १,४०० किलोहून अधिक स्फोटके तशीच राहिली. प्रकरण आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयात गेले. जून २०१२ मध्ये न्यायालयाने इक्वेडोरला दोषी ठरवले: पूर्वविचारविनिमय हा उपचार नव्हे, तो हक्क आहे, आणि तो कंपनीवर सोपवून सरकारला मोकळे होता येत नाही. एप्रिल २०१९ मध्ये पास्तासाच्या न्यायालयाने वाओरानींच्या बाजूने असाच निकाल दिला. २०१२ मध्ये उरकलेला ‘विचारविनिमय’ त्याने रद्दबातल ठरवला, आणि बावीस क्रमांकाचा तेलपट्टा लिलावातून वगळावा लागला. त्या लढ्याचे नेतृत्व नेमोंते नेंकिमो या वाओरानी महिलेने केले. पुढे नोव्हेंबर २०२३ मध्ये सेकोयांनाही, ज्यांना सिएकोपाय असेही म्हणतात, ४२ हजार हेक्टरांहून अधिक पूर्वजभूमीची मालकी न्यायालयातून मिळाली. सर्वांत मोठा कौल आला तो २० ऑगस्ट २०२३ रोजी. यासुनीच्या त्या टोकातील तेल जमिनीतच राहावे, असे देशातील सुमारे ५९ टक्के मतदारांनी सांगितले.

या कौलात एक टोचणारी गोष्ट होती. ज्या ओरेयाना प्रांतात हे तेल आहे, तेथे बहुमत तेल काढण्याच्या बाजूने पडले. वाओरानींच्या काही वस्त्याही कंपनीच्या बाजूने उभ्या होत्या. याचे भांडवल अर्थातच केले गेले. पण जेथे पन्नास वर्षांत रोजगार, बोट, डॉक्टर, वर्ग, जे काही आले ते तेलाच्या नळाबरोबर आले, तेथे लोकांनी नळ तोडायला का म्हणून मत द्यावे? सरकारने आपले कर्तव्य कंपनीच्या गळ्यात बांधले, आणि नागरिकाला दवाखान्यासाठी विहिरीवर अवलंबून केले. हाही कर्जाचाच एक परिणाम आहे, जरी तो अर्थमंत्रालयाच्या कोणत्याच तक्त्यात दिसत नसला तरी.

आणि न्यायालयाचा निकाल वा जनतेचा कौल, दोन्ही येतात ते कर्ज काढून झाल्यावर. एकाने निकाल द्यायचा, तोवर दुसऱ्याने हप्ता ठरवलेला. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीशी ४२० कोटी डॉलरचा करार झाला. ऑक्टोबरमध्ये इंधनाचे अनुदान काढले गेले आणि आदिवासींनी क्विटो गाठले. अकरा-बारा दिवसांच्या रक्तरंजित संघर्षानंतर अध्यक्ष लेनिन मोरेनो यांनी हुकूम मागे घेतला. २०२० मध्ये १,७४० कोटी डॉलरच्या रोख्यांची फेररचना झाली आणि नाणेनिधीचा ६५० कोटींचा नवा करार. जुलै २०२१ मध्ये पुढचे अध्यक्ष गियेर्मो लासो यांनी तेलाचे उत्पादन दुप्पट करण्याचा हुकूम काढला. हे जादा तेल कोणाच्या भूमीतून निघणार, हे त्यात लिहिण्याची गरज नव्हती. मे २०२४ मध्ये आणखी ४०० कोटींचा करार झाला, २०२५ मध्ये तो ५०० कोटींवर नेण्यात आला. त्या वर्षी सप्टेंबरात अध्यक्ष दानिएल नोबोआ यांनी डिझेलचे अनुदान काढले, ‘कोनाये’ने महिनाभर बंद पाळला, आणि या खेपेस हुकूम कायम राहिला. यासुनीतील दोनशेहून अधिक विहिरींपैकी पहिली ऑगस्ट २०२४ मध्ये बंद झाली. सर्व बंद व्हायला आणखी पाच वर्षे लागतील, असे सरकारने सांगितले. जनतेच्या निर्णयाला मुदतवाढ मागता येते. रोख्याच्या हप्त्याला ती इतक्या सहज मिळत नाही.

आपल्याकडची एक आठवण येथे अप्रस्तुत नाही. १९९१ मध्ये परकीय चलन संपत आले, तेव्हा भारताने सोने गहाण टाकले. देशभर हळहळ झाली. पण ते सोने सरकारचे व रिझर्व्ह बँकेचे होते, कोणा एका जमातीच्या अंगावरचे नव्हते. त्याहून जवळचे उदाहरण नर्मदेकाठचे. सरदार सरोवरासाठी जागतिक बँकेने १९८५ मध्ये ४५ कोटी डॉलर मंजूर केले. अक्कलकुव्याच्या डोंगरातील मणिबेलीच्या आदिवासींनी आणि त्यांच्या सोबत्यांनी एवढा आवाज उठवला, की बँकेला ब्रॅडफर्ड मोर्स यांचा स्वतंत्र चौकशी आयोग नेमावा लागला. आयोगाचा १९९२ मधला अहवाल प्रतिकूल ठरला आणि मार्च १९९३ मध्ये भारताने उरलेल्या कर्जावर पाणी सोडले. धरण झालेच, हे खरे. तरी तेथे एक गोष्ट शक्य होती: कर्ज एका प्रकल्पासाठी होते, प्रकल्पाच्या नकाशावर गाव होते, त्यामुळे धनकोला गावापुढे उभे करता आले. सरकारी कर्जरोख्यावर कोणत्याच गावाचे नाव नसते. तो आज लंडनच्या एका निधीपाशी, उद्या बोस्टनच्या दुसऱ्यापाशी असतो. वाओरानी वृद्धेने दाद मागायची तर कोणाच्या दारात?

म्हणूनच विचारण्याची वेळ बदलली पाहिजे. आज आदिवासींना विचारायचे ते विहीर खणताना, आणि तेही न्यायालयाने बजावल्यावर. तोवर त्या तेलावर पैसा उचललेला असतो, खर्चही झालेला असतो. ‘नाही’ म्हणणारी जमात मग देशाला बुडवणारी ठरते. महाराष्ट्रातल्या एखाद्या शेतकऱ्याने विहिरीसाठी भूविकास बँकेकडे अर्ज केला, तर बँक सात-बारा मागत असे, सहहिस्सेदारांची संमतीपत्रे मागत असे, ‘इतर हक्क’ या रकान्यात काय लिहिले आहे ते वाचत असे. आदिवासीची जमीन असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून ती बिगर-आदिवासीकडे जाऊ नये, असा कायदा आहे. गेलेल्या जमिनी परत देण्याचा कायदाही १९७४ मध्ये झाला. त्यांतून किती जमिनी वाचल्या हा वेगळा विषय. तत्त्व मात्र मान्य झाले आहे: सहहिस्सेदाराच्या संमतीशिवाय तारण होत नाही. काही हजार रुपयांच्या कर्जाला लागू असलेली ही साधी खबरदारी शेकडो कोटी डॉलरच्या कर्जाला का नसावी? भविष्यातील तेल वा खनिज दाखवून जे कर्ज उचलले जाते, त्याच्या करारासोबत त्या भूमीवरील लोकांची संमती जोडलेली नसेल, तर ते तारण सदोष समजावे आणि तो धोका धनकोने सोसावा. एवढा एक नियम न्यूयॉर्कच्या वा लंडनच्या कायद्यात आला, तर पट्टे आखणारे हात आपोआप आखडतील. धनको असले प्रश्न विचारायला लवकर शिकतात. त्यांना फक्त पैसा बुडण्याची भीती लागते.

‘कर्जाच्या बदल्यात निसर्गरक्षण’ हा तोडगा सध्या बराच बोलबाल्यात आहे. इक्वेडोरनेच मे २०२३ मध्ये सुमारे १६० कोटी डॉलरचे रोखे स्वस्तात परत घेऊन गालापागोस बेटांभोवतीच्या सागराच्या रक्षणासाठी निधी उभा केला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये ॲमेझॉनसाठी तसाच दुसरा व्यवहार केला. कर्जाचा भार त्यामुळे हलका होतो, हे नाकारण्याचे कारण नाही. पण अरण्य येथेही एका करारातून दुसऱ्या करारात जाते; पूर्वी ते तोडण्यासाठी लिहून दिले होते, आता राखण्यासाठी. ते राखत आलेल्यांची सही या कागदावर कोठे आहे, हा प्रश्न येथेही सुटत नाही.

२०२५ मध्ये इक्वेडोर सरकारने तेल क्षेत्रात नव्या गुंतवणुकीचा आराखडा जाहीर केला. त्यातही दक्षिण ॲमेझॉनचे पट्टे होते. तिकडे सारायाकूच्या जमिनीत पुरलेली स्फोटके काढून टाकण्याचा आदेश २०१२ च्या निवाड्यात होता. त्या निवाड्याला दहा वर्षे उलटली तेव्हाही ती तेथेच होती. लोकांनी त्या जागांची वाट सोडली आहे. शिकारीला जाताना ते वळसा घालून जातात.